टेबल मोजून घेतलेले स्पीकर

स्पीकर घ्यायचे ठरल्यावर सगळ्यात आधी बाहेर काढली ती मोजपट्टी. खोली १० बाय ११ फुटांची, छत साडेनऊ फुटांवर. टेबल ४ फूट लांब आणि २ फूट खोल, भिंतीला चिकटलेलं. त्यावर २४ इंची मॉनिटर, म्हणजे कडेपासून कडेपर्यंत ५४ सेमी. उरले ६८ सेमी, दोन्ही बाजूंना ३४-३४. टेबलाची उंची ७५ सेमी आणि खुर्चीत टेकून बसल्यावर कान जमिनीपासून ११७ सेमीवर. म्हणजे कान टेबलाच्या पृष्ठभागापासून ४२ सेमी वर. हा शेवटचा आकडा बहुतेक जण मोजतच नाहीत, आणि पुढचं सगळं गणित त्याच्यावर चालतं.

खोलीचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सुमारे पाऊण मीटरवरून ऐकणं आणि दिवाणखान्यात तीन मीटरवरून ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जवळून ऐकताना भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजापेक्षा स्पीकरमधून थेट येणारा आवाज बराच मोठा असतो. त्यामुळे साध्या, पडदे-पुस्तकं असलेल्या खोलीतही स्वच्छ ऐकू येतं. पण जवळ बसल्यामुळे दोन दोष ठळक होतात. एक म्हणजे स्पीकरची स्वतःची सळसळ. दुसरा टेबल, कारण ते कान आणि स्पीकर यांच्या मधोमध आडवं पसरलेलं असतं.

मला हवं होतं ते असं: दिवसभर हलक्या आवाजात चालेल, व्याख्यानं आणि ऑनलाइन बैठकांमधलं बोलणं न शिणता ऐकता येईल, संध्याकाळी तंबोरा लावला तर तो तंबोऱ्यासारखा वाजेल. आवाजाची ताकद या यादीत कुठेच नव्हती, आणि दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न मात्र येतो तो किती वॉट हवेत हा.

वॉटचा हिशेब कागदावर करून पाहावा. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर ८५ डेसिबल देणारा स्पीकर असेल तर ७५ सेमीवर त्याचे सुमारे ८७.५ होतात. दोन स्पीकर मिळून साधारण ९०. आरामात बोलणं-गाणं ऐकताना सरासरी ७० डेसिबलच्या आसपास असते, आणि तबल्याची थाप किंवा सतारीचा ठोका त्याच्या वर १५-२० डेसिबल उसळी मारतो. म्हणजे त्या उसळीलाही प्रत्येक बाजूला एक वॉट पुरला. छोट्या पेटीतले स्पीकर इतके जोरकस नसतात, ८० ते ८२ डेसिबलच देतात असं धरलं तरी तीन वॉटच्या आत भागतं. म्हणून प्रत्येक बाजूला १० ते २० खरे वॉट असले की टेबलासाठी भरपूर झालं. ‘खरे’ म्हणजे आरएमएस, सतत देता येणारी ताकद. खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराची कमाल ताकद) लिहिलेला आकडा असेल तर तो वाचूच नये, तो हजारांत असू शकतो आणि त्याला मोजणीचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही.

उलट टोकाला नुसत्या यूएसबीवर चालणारे स्पीकर येतात. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे सगळं मिळून अडीच वॉट. यूएसबी ३.० मध्ये साडेचार. त्यातले काही अ‍ॅम्प्लिफायर खातो. क्रिएटिव्हच्या पेबलसारखे दोन इंची गोल स्पीकर या मर्यादेत राहून चांगलं काम करतात. त्यांचं तोंड ४५ अंशांत वर वळवलेलं आहे, हे टेबलासाठी शहाणपणाचं आहे. नुसत्या बैठका आणि बातम्या ऐकायच्या असतील तर तिथेच थांबावं. पण दोन इंची पडद्याला किती हवा ढकलता येणार? पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, त्याचा खालचा अर्धा भाग तिथे पातळ होतो. अर्ध्या तासानंतर बोलणारा माणूस डब्यातून बोलतोय असं वाटू लागतं.

आता तंबोरा. काळी एकच्या पट्टीत, म्हणजे पुरुषाच्या तंबोऱ्यात, जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला, पंचमाची १०४ ला आणि खर्जाची ६९ ला लागते. काळी चारला गाणाऱ्या स्त्रीच्या तंबोऱ्यात खर्ज १०४ ला येतो. यावरून स्पीकरला खाली किती जायला हवं ते सरळ ठरतं. तीन-साडेतीन इंची वूफरचे (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याचे) चांगले स्पीकर बहुतेक ७० ते ८० हर्ट्झपर्यंत टिकतात. म्हणजे स्त्रीचा तंबोरा पुरता येतो आणि पुरुषाच्या तंबोऱ्यातला खर्जाचा मूळ स्वर थोडक्यात हुकतो. तरीही खर्ज ऐकू येतो, आणि त्याचं कारण सुंदर आहे. १३९, २०८, २७७ असे वरचे आंशिक स्वर कानाला मिळाले की खालचा ६९ मेंदू स्वतः भरून काढतो. तंबोऱ्यात तर जवारीमुळे, म्हणजे घोडीला तार घासून उठणाऱ्या झंकारामुळे, हे वरचे स्वर मुबलक असतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोऱ्याच्या घोडीचा आणि तिथे अडकवलेल्या दोऱ्याचा अभ्यास मांडला तो याच श्रीमंतीबद्दल. म्हणून छोट्या स्पीकरवर तंबोरा ऐकताना खर्ज किती जोरात येतो हे न बघता जवारी उलगडते का, तारेमागून तार सुटी होते का, ते ऐकावं. जवारी जिथे एकसुरी भणभणाटासारखी ऐकू येते तो स्पीकर नुसत्या बेसच्या जोरावर वाजतोय.

मग सहा इंची का घेऊ नये, म्हणजे खर्ज अगदी मूळ स्वरासकट मिळेल? इथे खोली आडवी येते. २५ अंश तापमानाला आवाज सेकंदाला ३४६ मीटर जातो. खोलीच्या प्रत्येक मापाची दुप्पट करून त्याने ३४६ ला भागलं की त्या दिशेची सर्वांत खालची घुमण्याची वारंवारिता मिळते. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, तिथे ५७ हर्ट्झ. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, तिथे ५२. साडेनऊ फुटी छताला ६०. तिन्ही मापं एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की तिन्ही घुमे ५२ ते ६० च्या पट्ट्यात एकावर एक चढतात. आपल्याकडच्या फ्लॅटमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या बेडरूमची हीच गत असते. अशा खोलीत ४५ हर्ट्झपर्यंत जाणारा स्पीकर लावला तर घुमाऱ्यालाच खतपाणी मिळतं. ६५-७० च्या खाली अलगद उतरत जाणारा स्पीकर इथे खोलीशी जुळवून घेतो. छोटा स्पीकर घेण्यामागे जागेची अडचण जेवढी आहे, तेवढंच हे कारणही आहे.

टू पॉइंट वन, म्हणजे दोन छोटे आणि टेबलाखाली एक वूफर, हा प्रकार यादीतून लगेच बाद केला. स्वस्त संचात बाजूचे स्पीकर इतके लहान असतात की त्यांच्याकडून १५०-२०० हर्ट्झच्या खालचं काही होत नाही. तेवढं सगळं वूफरकडे ढकललं जातं, आणि त्या पट्ट्यात कानाला दिशा कळते. परिणाम असा की वक्त्याचं डोकं मॉनिटरजवळ आणि छाती टेबलाखाली.

लहान पेटीतून माणसाचा आवाज नीट यावा यासाठीची धडपड जुनी आहे. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांमध्ये बसवण्यासाठी एलएस३/५ए हा स्पीकर तयार केला. आतून जेमतेम ५ लिटरची बंद पेटी, केईएफ कंपनीचा बी११० वूफर आणि टी२७ ट्वीटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा पडदा. गाडीत जागा नव्हती, बसणारा जवळ होता, आणि कामाचा मोठा भाग निवेदकाचा आवाज तपासणं हा होता. अभ्यासाच्या टेबलाची गरज याहून फार वेगळी नाही. त्या स्पीकरला खोल बेस नव्हता, पण माणसाचा आवाज खरा होता, आणि म्हणूनच तो अजून लोकांच्या घरात आहे.

यादीत शेवटी राहिले ते तीन ते चार इंची वूफरचे, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेले जोड. चार इंचीत एडिफायरचा आर१२८०टी, प्रत्येक बाजूला २१ वॉट, लाकडी भुशाच्या दाबलेल्या पाट्यांची म्हणजे एमडीएफची पेटी, पुढे पोर्ट, म्हणजे पेटीतली हवा ये-जा करायचं भोक. साडेतीन इंचीत प्रीसोनस एरिस. तीन इंचीत आयके मल्टीमीडियाचा आयलाउड मायक्रो मॉनिटर, ज्याच्या पायालाच कलण्याची सोय आहे. त्याच आकारात जेनेलेकचा ८०१०, ज्याच्या मागे टेबलावर ठेवल्यास खालचा फुगवटा कमी करायचा वेगळा स्विच आहे. या चौघांच्या किमतींत काही पटींचा फरक आहे. कागद वाचताना एक खबरदारी: ‘५५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ असं लिहिलं असेल तर पुढे किती डेसिबलच्या फरकात ते बघावं. अधिक-उणे ३ डेसिबल असेल तर आकड्याला अर्थ आहे. उणे १० असेल तर त्या टोकाला आवाज जवळपास निम्म्यावर आलेला असतो. काहीच लिहिलं नसेल तर तो आकडा सोडून द्यावा.

पोर्ट पुढे की मागे हा प्रश्न टेबल भिंतीला चिकटलेलं असताना महत्त्वाचा होतो. मागच्या पोर्टला श्वास घ्यायला जागा लागते, निदान हाताची चार बोटं आडवी मावतील इतकी. शिवाय केबलच्या पिनांना ५-६ सेमी हवेत. २० सेमी खोल पेटी, मागे ६ सेमी, म्हणजे स्पीकरचं तोंड भिंतीपासून २६ सेमीवर. ६१ सेमीच्या टेबलावर पुढच्या कडेपर्यंत उरतात ३५. पुढचा पोर्ट असला की एवढ्यात भागतं.

ऐकण्यासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तपकीर गल्ली या दोन्ही जागा उपयोगी आहेत, पण वेगवेगळ्या कामांसाठी. केबल, पिना, कनेक्टर, गुणगुण अडवणारे आयसोलेटर तपकीर गल्लीत हाताळून घेता येतात. स्पीकर ऐकायचे तर सकाळी दुकान उघडताना जावं, तेव्हा रस्त्याचा गोंगाट कमी असतो आणि दुकानदाराला वेळ असतो. आपलं स्वतःचं ध्वनिमुद्रण न्यावं. दुकानात लावलं जाणारं गाणं बहुतेक असं निवडलेलं असतं की त्यात कुठलाही स्पीकर दमदार वाटेल.

तुलना करताना सगळ्यात मोठी फसगत आवाजाच्या पातळीची होते. दोन जोडांपैकी एक नुसता एक डेसिबल जोरात वाजत असला तरी तो ‘जास्त खुला’ आणि ‘जास्त स्पष्ट’ वाटतो. त्यामुळे फोनवर पिंक नॉइज (सगळे स्वर मिसळलेली एकसारखी सळसळ) लावावा, दुसऱ्या फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप उघडून तो स्पीकरपासून ७५ सेमीवर धरावा आणि दोन्ही जोडांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत आणावी. अ‍ॅपचा आकडा मुळात चुकीचा असला तरी चालतो, कारण आपल्याला फक्त दोन्ही सारखे करायचे आहेत. हे केल्यावर दुकानात पहिल्या ऐकण्यात आवडलेला जोड दुसऱ्या ऐकण्यात मागे पडला. त्याचा वरचा स्वर उगाच धारदार होता.

बोलण्याची परीक्षा मराठी बातम्यांवर घेतली. आपल्या भाषेत यासाठी उत्तम साहित्य आहे. ‘स’, ‘श’, ‘ष’ यांची ऊर्जा साधारण अडीच ते आठ किलोहर्ट्झमध्ये असते. ‘शेंगदाणे’, ‘सशाचे’, ‘चष्मा’ असे शब्द कानाला टोचले तर ट्वीटर जास्त उचललेला आहे, आणि ‘स’ व ‘श’ मधला फरक पुसट झाला तर तो दबलेला आहे. ‘घाट’, ‘भाकरी’, ‘धुकं’ यांतला महाप्राण, तो श्वासाचा झोत, सुटा ऐकू यायला हवा. पेटी स्वतः थरथरत असेल तर पुरुष निवेदकाच्या ‘घ’ आणि ‘भ’ ला लाकडी गुंज चिकटते. त्याच वेळी तळहात पेटीच्या बाजूवर ठेवून पाहावा. थोडी थरथर चालेल, पण एखाद्या ठरावीक स्वराला ती अचानक वाढत असेल तर पाट्या पातळ आहेत.

दुसरी परीक्षा मोनोची. एकाच माणसाचं बोलणं दोन्ही स्पीकरमधून सारखं सोडावं. आवाज अगदी मधोमध, मुठीएवढ्या जागेतून आला पाहिजे. तो पसरट असेल किंवा एका बाजूला झुकत असेल तर दोन्ही स्पीकर जुळे नाहीत, किंवा एकाच्या तारा उलट्या लागल्या आहेत. तारा उलट असतील तर आवाज मध्ये टिकतच नाही, डोक्याभोवती फिरतो आणि बेस गायब होतो.

तिसरी परीक्षा हलक्या आवाजाची. स्वस्त स्पीकरमधला आवाजाचा नॉब म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन पोटेन्शिओमीटर (फिरवून कमी-जास्त होणारे रोध), एकेका बाजूला एक. नॉब जेमतेम सुरू केला की ती दोन्ही सारखी चालत नाहीत आणि एक बाजू आधी बोलते. दिवसभर हळू ऐकणाऱ्याला हा दोष रोज भेटणार. नॉब घड्याळाच्या आठच्या काट्यावरून हळूहळू दहापर्यंत नेत मधला आवाज जागचा हलतो का ते बघितलं. एक जोड इथेच बाद झाला, बाकी सगळ्यात चांगला असून. जो घेतला त्यातही नऊच्या खाली किंचित फरक आहे. त्यावर उपाय सोपा आहे: कॉम्प्युटरचा आवाज ४० टक्क्यांवर आणायचा आणि स्पीकरचा नॉब दहा-साडेदहाच्या काट्यावर ठेवायचा.

चौथी, सळसळीची. काहीही न वाजवता नॉब नेहमीच्या जागी ठेवून कान ७५ सेमीवर आणायचा. दुकानात हे कळत नाही, तिथे शांतता नसते. त्यासाठी घरी नेऊन परत करता येईल अशाच ठिकाणाहून घ्यावं आणि पहिल्याच रात्री पंखा बंद करून ऐकावं. कान पेटीला लावल्यावर थोडी सळसळ सगळ्याच अ‍ॅम्प्लिफायरवाल्या स्पीकरला असते. बसल्या जागी ऐकू आली तर मात्र परत करावा, तिची सवय होत नाही.

आणखी एक खोड फक्त वापरातच कळते. बरेच स्पीकर १५-२० मिनिटं आवाज आला नाही तर वीज वाचवायला आपोआप झोपतात, आणि अगदी हळू चाललेलं बोलणंही काहींना ‘आवाज नाही’ असंच वाटतं. मग वाक्याच्या मध्येच झोप, आणि जागं होताना पहिला शब्द गिळलेला. ही सोय बंद करता येते का, हे घेण्याआधी विचारून घ्यावं.

शेवटी घेतला तो चार इंची वूफर आणि रेशमी घुमटाचा ट्वीटर असलेला, पुढे पोर्टचा जोड. पेटी १५ सेमी रुंद, २४ उंच, २० खोल. एका पेटीत दोन्ही बाजूंचा अ‍ॅम्प्लिफायर, दुसरीकडे नुसती तार जाते. ती तार साध्या चिमट्यात लागते हे मुद्दाम बघितलं होतं. पाच पिनांचं खास कनेक्टर असतं तेव्हा तार तुटल्यावर किंवा लांब हवी असल्यावर अडतं. चिमट्यात कुठलीही दोनपदरी तार चालते.

जोडणीत सर्वांत जास्त माणसं जिथे चुकतात ती जागा सांगतो. स्टुडिओ प्रकारच्या स्पीकरला मागे जाड ६.३५ मिमीचं बॅलन्स्ड भोक असतं. लॅपटॉपच्या ३.५ मिमी भोकातून साधी स्टिरिओ केबल आणून तिचं जाड टोक त्यात खुपसलं की गाणाऱ्याचा आवाज जवळपास नाहीसा होतो आणि नुसती वाद्यं दुरून ऐकू येतात. बॅलन्स्ड भोक दोन तारांमधला फरक घेतं. डाव्यातून उजवा वजा झाला की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज, म्हणजे मधला गायक, कटतो. स्पीकर बिघडला समजून लोक तो परत करतात. लागते ती ३.५ मिमी स्टिरिओपासून दोन मोनो पिनांत फुटणारी केबल. माझ्या जोडाला आरसीएची (लाल-पांढरी गोल) भोकं होती, तिथे ३.५ मिमी ते दोन आरसीए, दीड मीटरची, एवढं पुरलं. ब्लूटूथ ठेवलं ते फोनपुरतं. त्यात आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो. चित्रफितीत अ‍ॅप ते सावरून घेतात, बैठकीत सावरलं जात नाही.

केबल लावल्यावर गुणगुण आली. मूळ वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो. तो शोधायचा क्रम ठरलेला आहे. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवायचा. हम गेला म्हणजे अर्थिंगचा फेरा झालाय: लॅपटॉपची अर्थ एका बोर्डातून, मॉनिटरची दुसऱ्या बोर्डातून, आणि दोन्ही ऑडिओ केबलच्या कवचातून एकत्र. सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणले की बहुतेक वेळा काम होतं, इथेही झालं. नाही झालं तर ३.५ मिमीचा ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर मध्ये घालावा. स्वस्त आयसोलेटर खालचे स्वर खातो, म्हणून तो लावल्यावर तंबोरा पुन्हा ऐकून पाहावा. स्पीकरला ऑप्टिकल भोक असेल तर प्रश्नच मिटतो, काचेतून किंवा प्लास्टिकमधून प्रकाश जातो, वीज जात नाही. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात किती व्होल्ट दाखवतो तेही बघून घेतलं. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर वायरमन बोलवावा, दोष स्पीकरचा नाही. थ्री-पिनमधली जाड पिन काढून टाकायचा सल्ला अजूनही दिला जातो. तो ऐकू नये. हम जाईल, पण धातूच्या कवचावर वीज आली तर ती जायला आपल्या शरीराखेरीज वाट उरत नाही.

माउस हलवला की टिकटिक किंवा चिरचिर येत असेल तर तो वेगळा आजार. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरला कॉम्प्युटरचेच गढूळ ५ व्होल्ट मिळतात. वीज वेगळ्या चार्जरवरून द्यावी.

आता ठेवण. माझ्या मते अर्धा आवाज इथे ठरतो. दोन्ही ट्वीटरमध्ये ८० सेमी अंतर, आणि दोन्हींपासून कान साधारण ८० सेमी, असा समभुज त्रिकोण दोऱ्याने आखला. कान टेबलाच्या कडेपासून ३४ सेमी मागे येतो, टेकून बसल्यावर तो बरोबर तिथेच असतो. पेट्या आत वळवल्या, दोन्ही रेषा डोक्याच्या थोड्या मागे मिळतील इतक्या.

पेटी थेट टेबलावर ठेवली तेव्हा ट्वीटर २० सेमी उंचीवर होता. थेट येणारा आवाज ७९ सेमी चालून येतो, टेबलावर आपटून येणारा ९८. हा १९ सेमीचा फरक ९०० हर्ट्झच्या आसपास अर्ध्या तरंगलांबीएवढा भरतो, म्हणजे दोन्ही आवाज एकमेकांना खोडतात. ९०० हर्ट्झ हा बोलण्याचा गाभा. बोलणं पोकळ, नळीतून आल्यासारखं वाटतं ते याच्यामुळे. आघाताची जागा शोधायला हातातला आरसा टेबलावर उताणा ठेवून सरकवायचा. खुर्चीतून त्यात ट्वीटर दिसला की तीच जागा. पेटीपासून २२ सेमीवर, की-बोर्डच्या मागच्या ओळीपाशी तो दिसला.

उपाय उंचीचा. १८ मिमी प्लायच्या १७ सेमी उंच दोन घोड्या केल्या: वर १६ बाय २१ सेमीची फळी, खाली १५.२ सेमीच्या दोन उभ्या फळ्या, स्क्रू आणि फेविकॉल. ट्वीटर ३७ सेमीवर गेला, कानापेक्षा जेमतेम पाच सेमी खाली, त्यामुळे पेटी मागे कलवायचीही गरज उरली नाही. आता दोन वाटांमधला फरक ३३ सेमी होतो आणि खोडणारी जागा ५०० हर्ट्झपाशी सरकते, पण खरा फायदा पुढे आहे. आरसा सरकवत गेलं तर आघाताची जागा टेबलाच्या अगदी पुढच्या कडेला, दोन-तीन सेमी आत येते. पेट्या आणि खुर्ची आणखी पाच सेमी पुढे घेतल्या आणि ती जागा टेबलावरून खालीच पडली. बोलणं लगेच भरीव झालं. पुस्तकांच्या चळतीवर ठेवूनही ही उंची मिळते, आधी तसंच करून पाहिलं होतं, पण चळत दर दोन दिवसांनी हलते आणि पुस्तकं वापरायचीही असतात.

घोडी आणि पेटी यांच्यामध्ये ५ मिमीच्या रबरी शीटचे चार तुकडे, घोडीखालीही चार. नाहीतर टेबलाचा पातळ पत्रा किंवा पोकळ ड्रॉवर स्वतःच वाजू लागतो. ४० पासून २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा स्वर सोडला तेव्हा पेनांचा डबा, मॉनिटरचं स्टँड आणि कपाटाची काच तीन वेगवेगळ्या जागी बोलली. काचेला फेल्टची टिकली लावली.

शेवटची दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये. रूम ईक्यू विझार्ड हे खोलीतला आवाज मोजणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, एक मोजणीचा मायक्रोफोन उसना मिळाला तर उत्तम. मोजणीच्या आलेखात अपेक्षेप्रमाणे ५५ हर्ट्झच्या आसपास एक टेकडी आणि भिंत-टेबलामुळे १५०-२०० मध्ये दुसरी, पसरट. विंडोजवर इक्वलायझर एपीओ (ठरावीक स्वर उतरवणारं-चढवणारं सॉफ्टवेअर) घालून पहिली पाच आणि दुसरी तीन डेसिबलने उतरवली. खड्डे भरायला जाऊ नये. भिंतीच्या परतीने खोडलेला स्वर वाढवला तर परतही तितकाच वाढतो, खड्डा तसाच राहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर फुकट दमतो. बेसचा नॉब मात्र रात्री थोडा वर नेतो. आवाज कमी झाला की कानाला खालचे स्वर जास्त वेगाने कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे.

पावसाळ्याची तयारी वेगळी. वूफरच्या कडेची रिंग रबराची आहे ना, हे घेतानाच बोटाने दाबून पाहिलं होतं. फोमची रिंग दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन तुटते, कोकणात आणखी लवकर. एमडीएफला ओल लागली की कडा फुगतात, म्हणून पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवायची नाही आणि ओल्या फडक्याने पुसायची नाही. पोर्टमधून मुंग्या आणि पालीची पिल्लं आत जातात. विरळ जाळीचा तुकडा पोर्टच्या तोंडावर आतून बसवला. जाळी दाट असली तर हवा अडून फुसफुस येते, भोकं निदान दोन-तीन मिमीची हवीत. मे-जूनमध्ये विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

टेबल पुसताना घोड्या हलतातच. त्यांच्या पायांभोवती कागदी चिकटपट्टीचे चार कोपरे आणि खुर्चीच्या मागच्या चाकांसाठी जमिनीवर एक पट्टी लावून ठेवली आहे. पुसून झालं की सगळं त्या खुणांवर परत येतं, आणि एकदा मोनो बातम्या लावून आवाज मधोमध आहे ना ते ऐकलं की झालं.